सावली नसलेला कडुनिंब

१

मंगळवारी सकाळी पावणेदहा वाजता नगरच्या ‘नजर स्टुडिओ’त बातमी आली की, जामखेडला एका मंगल कार्यालयाच्या गेटात झाड उगवलंय. कार्यालय अजून बांधलेलं नव्हतं. गेटही नव्हतं. झाडाला त्यासाठी थांबावंसं वाटलेलं दिसत नव्हतं.

“बरोब्बर गेटाच्या मधोमध हाय!” मालक गोरक्षनाथ अण्णा फोनच्या स्पीकरमधून ओरडत होते. “नवरदेवाच्या घोड्यानं काय झाडावरून उडी मारायची? का नवरीला फांदीवरून उतरवून घ्यायची?”

“अण्णा, आम्ही दिलेल्या चित्रात गेट मोकळं आहे,” परवेझभाई म्हणाले. स्टुडिओ त्यांचा होता, त्यामुळे शिव्याही त्यांच्याच होत्या.

“तुमच्याकडं मोकळं असंल. माझ्याकडं झाड हाय. वीस फूट रुंद फ्लेक्स लावलाय रस्त्याला, अक्खं जामखेड बघतंय! काल संध्याकाळी घरी जाताना दिसलं तवा गाडीच थांबवली. फोटो टाकलाय, बघा. परवा गुरुवारी भूमिपूजन हाय, पाचशे पत्रिका वाटल्यात. हा चावटपणा कुणाचा ते त्याच्या आत सांगा. न्हाईतर कार्यालय, बंगला अन पेट्रोल पंप, तिन्ही कामं पुण्याला देतो.”

‘पुण्याला’ हा शब्द नगरमध्ये शिवीसारखाही वापरता येतो. अण्णांनी तो तसाच वापरला आणि फोन ठेवला.

नजर स्टुडिओचा धंदा म्हणजे नसलेल्या इमारतींचे फोटो काढणं. आर्किटेक्ट नकाशा देणार, त्यावरून स्टुडिओ असं हुबेहूब रंगीत चित्र बनवणार की मालकाला वाटावं, आता फक्त चपला काढून आत जायचं. या चित्राला ‘व्ह्यू’ म्हणतात. व्ह्यूमध्ये भिंती असतात, काचा असतात, आणि नगर जिल्ह्याने कधी न पाहिलेलं निळं आकाश असतं. पण गिऱ्हाईक सही करतं ते झाडांवर. झाडं नीट लागली की गोदामसुद्धा घर वाटतं.

जहिरा पठाणचं तिथलं काम होतं चुका शोधण्याचं. व्ह्यू तयार झाला की तो तिच्यासमोर यायचा आणि ती लाल पेनने वहीत लिहायची. ‘गाय जमिनीपासून एक फूट वर.’ ‘बाल्कनीतल्या बाईला सावली नाही, भूत वाटते.’ ‘नेवाशाच्या दवाखान्यासमोर बर्फ.’ सहा वर्षांत तिची नजर अशी झाली होती की सख्ख्या भावाच्या लग्नात तिला सगळ्यात आधी दिसलं ते हे की, मांडवाचे डावीकडचे दोन खांब तिरके आहेत.

तिने अण्णांचा फोटो मोठा करून पाहिला. रस्त्याकाठी उभा फ्लेक्स. त्यावर कार्यालय, दोन्ही बाजूंना दोन-दोन पाम, वर मोठ्या अक्षरांत ‘गोरक्षनाथ लॉन्स’. आणि मधोमध, जिथे गेट होतं तिथे, एक काळपट, जरासा वाकडा कडुनिंब.

मग स्टुडिओतल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. तिथे अमृत बसला होता.

अमृत स्टुडिओत झाडं लावायचा. आणि व्ह्यूच्या पहिल्या खर्ड्यात त्याने याच जागी कडुनिंब लावला होता. जागेच्या फोटोत तिथे खराच एक कडुनिंब होता, म्हणून. अण्णांनी तो काढायला लावला होता. “लिंब नको, पाम टाका. दुबईवाणी दिसलं पायजे.” त्यावर अमृत सगळ्यांसमोर म्हणाला होता, “अण्णा, जामखेडात पाम आठ दिवसांत वाळंल. लिंब राहू द्या.” अण्णा त्याच्याकडे, खुर्ची बोलल्यावर माणूस जसा खुर्चीकडे बघेल, तसे बघत राहिले होते.

“अमृत,” परवेझभाई हळू आवाजात म्हणाले. ते हळू बोलले की जास्त भीती वाटायची. “तिन्ही कामं म्हणजे आपलं अर्धं वर्ष आहे. तू टाकलंस?”

“न्हाई, भाई.”

“मग कुणी टाकलं?”

अमृतने फोटो पुन्हा मोठा करून पाहिला.

“उद्या संध्याकाळपर्यंत सांग. नाहीतर गुरुवारपासून येऊ नकोस.”

२

अमृतचे आईवडील दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. अमृतची शाळा पाच साखर कारखान्यांच्या आवारांत तुकड्यातुकड्याने झाली. त्याला गावांची नावं आठवत नसत, पण कुठल्या कोपीशेजारी, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीशेजारी, कुठलं झाड होतं ते पाठ होतं. या वर्षी पहिल्यांदा त्याचे आईवडील ट्रॅक्टरवर चढले नव्हते. आईने मुकादमाला सांगितलं होतं, “पोरगं नगरला हापिसात झाडं लावतंय. आमी न्हाई येत आता.” फॉरेस्ट खात्यात लागला असेल म्हणून मुकादम जाताना त्याला नमस्कारसुद्धा करून गेला होता.

हे सगळं जहिराला माहीत होतं. म्हणून ती चहाचे दोन कप घेऊन त्याच्या शेजारी बसली आणि शक्य तितक्या कोरडेपणाने म्हणाली, “रडायचं असेल तर आधी रडून घे. मग काम करू.”

“रडत न्हाई, ताई. राग आलाय.” त्याने स्क्रीनवरच्या झाडाकडे बोट केलं. “ह्ये माझं झाड हाय असं लोकांना वाटतंय. असं मळकट? माझं एक तरी झाड असं बघितलंय का तुमी?”

नव्हतं पाहिलं. अमृत येण्याआधी स्टुडिओत परदेशातली तयार झाडं वापरायचे. शेवगावच्या बंगल्यापुढे लालभडक पानगळ आणि पाथर्डीच्या शाळेपुढे देवदार. शिवाय ती झाडं इतकी जड की चार लावली तर कॉम्प्युटर बसायचा. व्ह्यू काढायला लावून माणसं जेवायला जायची, आणि परत येईपर्यंत एकच पान उमटलेलं असायचं.

अमृतने सहा महिन्यांत इथल्या झाडांची ‘झाडपेटी’ बनवली. कडुनिंब, चिंच, बाभूळ, करंज, बोर, सगळी खऱ्या झाडांच्या फोटोंवरून घडवलेली. काम चालू असताना चित्रात नुसते हिरवे गोळे उभे करायचे. खरी पानं शेवटी, चित्र काढतानाच हजर व्हायची. लांबच्या झाडांना नुसते सपाट फोटो, कारण लांबचं कोण बघतंय. आणि एकच कडुनिंब थोडा फिरवून, थोडा खुजा करून, थोडा कलता करून त्याचे वीस कडुनिंब करायचे. दोन दिवसांचं काम चाळीस मिनिटांवर आलं. जहिराने तपासताना वीसमधले दोन सारखे कधी पकडले नव्हते, आणि तिने प्रयत्न केला नव्हता असं नाही.

“फाईल उघड,” ती म्हणाली.

फाईल स्वच्छ होती. गेट मोकळं. कडुनिंब तीन आठवड्यांपूर्वी काढलेला. तिने पहिला खर्डाही उघडायला लावला. त्यात गेटापाशी कडुनिंब होता, आणि त्याच्याखाली लाल रंगाची प्लास्टिकची खुर्ची. ही खुर्ची तिला आठवली. तिनेच लिहिलं होतं, ‘गेटात रिकामी खुर्ची, काढणे.’

“खुर्ची कशाला घातली होतीस?”

“जागेच्या फोटोत हुती, ताई. कुणीतरी बसत असंल.”

तिने दोन्ही झाडं शेजारी शेजारी ठेवली. खर्ड्यातला कडुनिंब हिरवागार, आणि त्याची सावली मागे कार्यालयाकडे पडलेली. चित्रात सूर्य सकाळी दहाचा होता, बघणाऱ्याच्या पाठीमागे. सगळ्या सावल्या मागे जात होत्या. फ्लेक्सवरच्या झाडाकडे तिने पुन्हा पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

“अमृत,” ती म्हणाली, “याला सावलीच नाही.”

“माझ्या झाडाला सावली आपोआप पडती. नको म्हनलं तरी पडती.”

“तेच म्हणतेय. हे झाड तुझ्या पेटीतलं नाही.”

आणि पेटीबाहेरून चित्रात झाड घालू शकेल असं स्टुडिओत आणखी एकच माणूस होतं.

३

निकिता समोरच बसायची. चित्र तयार झालं की त्यावर अक्षरं, फोन नंबर आणि मालकाचं नाव टाकणं तिचं काम. ती सलग बोलायची आणि मध्ये श्वास घेतला तर तो तिला वाया गेल्यासारखा वाटायचा.

“माझ्यावर संशय आहे ना? असू दे, ताई, मला आवडेल, माझ्यावर आजपर्यंत कुणी संशयच घेतला नाही. घरी भावावर घेतात. पण मी झाड कशाला टाकू? मला त्या अण्णांचं काम परत उघडायचंच नव्हतं, ‘लॉन्स’चा रंग त्यांनी अकरा वेळा बदलायला लावला, शेवटी म्हणाले पहिलाच बरा होता.”

“निकिता, अक्षरं तू कधी टाकतेस?”

“सगळ्यात शेवटी. सगळ्यात वर. अक्षरांच्या वर काही येत नाही, ताई. मालकाच्या नावावर पान जरी आलं तरी मालक मरतो.”

जहिराने फोटो तिच्यापुढे धरला. कडुनिंबाचा शेंडा वर गेला होता आणि त्याची एक फांदी थेट ‘लॉन्स’मधल्या ‘लॉ’वर आडवी पडली होती. दुसरी फांदी चित्र ओलांडून कडेच्या पांढऱ्या पट्टीवर गेली होती.

निकिता आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली. सुमारे चार सेकंद.

“म्हणजे माझ्यानंतर घातलं,” ती म्हणाली. “पण झाड घालणारा माणूस चौकटीच्या बाहेर कसं घालेल? चौकटीबाहेर चित्रच नाही. आणि माझ्यानंतर फाईल फक्त एका माणसाकडे जाते.”

४

हर्षलचं फ्लेक्सचं दुकान दिल्लीगेटजवळ होतं. वाढदिवस, श्रद्धांजली आणि निवडणूक या तिन्हींना तो एकाच मापाने छापायचा. जहिराने फोटो दाखवला तेव्हा तो एका माणसाच्या वाढदिवसाला बावन्न शुभेच्छुक बसवत होता.

“हे माझं मशीन करूच शकत न्हाई,” तो म्हणाला. “माझं मशीन रंग खातं, झाड देत न्हाई. थांबा.”

तो प्रत्येक फ्लेक्स गुंडाळायच्या आधी दुकानाच्या दारात पसरून फोटो काढायचा. नंतर कुणी ‘बापाचा फोटो काळा आला’ म्हणून भांडायला आलं तर पुरावा असावा, म्हणून. त्याने मोबाईलमध्ये शनिवारचा फोटो काढून दाखवला. भर दुपारच्या उन्हात पसरलेला अण्णांचा फ्लेक्स, आणि त्याच्या कोपऱ्यावर बसलेलं एक कुत्रं.

गेट मोकळं होतं.

“टेम्पोत घातला, भिमाजीनं जामखेडला उतरवून घेतला,” हर्षल म्हणाला. “भिमाजी म्हंजे अण्णांचा वॉचमन. त्यानंच फोन केला हुता, फ्लेक्स चौदा फूट उंच पायजे. नकाशात दहा हुता. म्हनलं, अण्णांनी सांगितलं असंल.”

“चौदा कशाला?”

“मी इचारत न्हाई, ताई. एकानं स्वतःचा फोटो चाळीस फुटी केला हुता. त्यालाबी इचारलं न्हाई.”

जहिरा पायरीवर, फोटोतल्याच कुत्र्याशेजारी बसली. स्टुडिओतून निघाला तेव्हा फ्लेक्सवर झाड नव्हतं. छापून झाला तेव्हा नव्हतं. मग जामखेडला पोचल्यावर कुणी चौदा फुटी फ्लेक्सवर ब्रश घेऊन झाड रंगवलं?

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. परवेझभाईंनी अण्णांचा आजचा फोटो पाठवला होता, नुकताच, सव्वापाचचा, रस्त्याच्या पलीकडून गाडीतून काढलेला. खाली अण्णांचा संदेश होता : ‘आजून हाय.’

तिने कालचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवले. सवयीने चूक शोधली. आणि चूक सापडली तेव्हा तिच्या हातातला मोबाईल जवळजवळ कुत्र्यावर पडला.

काल ‘लॉ’वर असलेली फांदी आज ‘न्स’वर होती.

५

“रंगवलेलं झाड हलत नाही,” बुधवारी सकाळी जहिरा म्हणाली.

“छापलेलं पण नाही,” निकिता म्हणाली.

“माझं हलतंय,” अमृत म्हणाला. “पन त्याला वेगळं सेटिंग लागतंय.”

परवेझभाईंनी डोक्याला हात लावला. “अण्णांना मी काय सांगू? झाड वाऱ्यानं हलतंय?”

“अण्णांनी जवळ जाऊन हात लावून का नाही बघितलं?” जहिराने विचारलं. “त्यांचीच जागा आहे.”

“त्यांच्या गुरुजींनी सांगितलंय, भूमिपूजन होईपर्यंत मालकानं जागेत पाऊल टाकायचं नाही. महिनाभर रस्त्याच्या पलीकडूनच बघतायत. सगळं भिमाजीवर सोडलंय.”

जहिराने भिमाजीचा नंबर घेतला आणि फोन लावला. पलीकडे कोंबडा आरवत होता.

“भिमाजीकाका, नगरहून बोलतेय, चित्रवाल्या ऑफिसातून. एक काम होतं. आत्ता फ्लेक्सचा समोरून फोटो काढून पाठवाल का?”

“कशाला?”

“अक्षरांचा रंग बघायचाय.”

“रंग झाक हाय.” मग घाईघाईने, “अन ह्ये बघा म्याडम, हितं झाडबिड काय न्हाई. कवाच तोडलं. अण्णांना तसं सांगितलंय मी. मुळापासनं तोडलं.”

जहिराने झाडाचा शब्द काढलेला नव्हता.

“बरं केलंत,” ती म्हणाली. “फोटो तेवढा पाठवा.”

दहा मिनिटांत फोटो आला. समोरून पडलेल्या सकाळच्या लख्ख उन्हात फ्लेक्स झगमगत होता. गेट मोकळं. ना काळपट कडुनिंब, ना ‘लॉ’वर फांदी. झाड रात्रीतून निघून गेलं होतं. परवेझभाईंनी फोटो बघितला, अण्णांचा फोटो बघितला, आणि कपाटातून डोकेदुखीची गोळी काढली.

जहिराने वही उघडली आणि एकाखाली एक लिहिलं. झाडाला सावली नाही. झाड अक्षरांच्याही वर, चौकटीच्याही बाहेर. झाड हलतं. संध्याकाळी येतं, सकाळी नसतं. फ्लेक्स दहाचा चौदा फूट. लाल खुर्ची.

शेवटच्या दोन शब्दांखाली तिने रेघ ओढली आणि पेन बंद केलं.

“भाई, गाडी काढा. अमृतलाही घ्या. अण्णांना सव्वापाचला रस्त्याच्या पलीकडे यायला सांगा.”

“कोणी केलं ते कळलं?”

“कळलं.”

“मग फोनवर सांगू की!”

“नाही, भाई. ऊन उतरल्याशिवाय ते दाखवता येणार नाही.”

६

ते पोचले तेव्हा रस्त्याच्या पलीकडे गर्दी होती. तीसेक माणसं, दोन भेळवाले. बातमी तालुक्यात पसरली होती. रोज संध्याकाळी येणारं झाड बघायला लोक येत होते, आणि एका म्हातारीने नारळही आणला होता, पण तो झाडाला फोडायचा का कार्यालयाला हे तिचं ठरत नव्हतं.

अण्णा गाडीला टेकून उभे होते. पांढरे कपडे, पायांत पांढरे बूट, आणि बुटांची टोकं डांबराच्या कडेच्या बरोब्बर अलीकडे. “आलं बघा,” ते दात खाऊन म्हणाले.

आलं होतं. जागेला तिन्ही बाजूंनी पत्रे ठोकलेले होते. रस्त्याच्या बाजूला, जिथे पुढे गेट होणार होतं त्या मोकळ्या जागेत, बांबूंवर फ्लेक्स ताणलेला. त्याच्या मागे सूर्य खाली उतरत होता आणि फ्लेक्समधला कडुनिंब हळूहळू काळा, स्पष्ट होत होता. वाऱ्याची झुळूक आली. झाड हललं. गर्दीतून “आऽऽ” असा आवाज आला. भेळवाल्याने हात जोडले.

“हा पोरगा ना?” अण्णांनी अमृतकडे बोट केलं. “ह्यानंच केलं ना?”

अमृतने मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते.

“दोन मिनिटं थांबा, अण्णा,” जहिरा म्हणाली. “चित्राकडे बघत राहा. फक्त डावीकडे.”

ती रस्ता ओलांडून गेली, फ्लेक्सच्या कडेने वळली आणि दिसेनाशी झाली.

काही क्षण काहीच झालं नाही. मग ‘गोरक्षनाथ लॉन्स’च्या डावीकडच्या दोन पामांच्या मधून एक काळी बाई चालत आली. तिची ओढणी उडत होती. ती गेटापाशी थांबली, कडुनिंबाच्या बुंध्याला हात लावला आणि दुसरा हात वर करून अण्णांना हलवला.

नारळवाल्या म्हातारीने नारळ रस्त्यावरच फोडला.

“सावली हाय!” अमृत ओरडला. “ताई, सावली हाय ती! फ्लेक्सच्या मागं खरं झाड हाय!”

“सावलीला सावली कुठली असणार?” फ्लेक्सच्या मागून जहिराचा आवाज आला. “म्हणून ती सापडत नव्हती. ऊन मागून आलं की झाड चित्रात येतं, ऊन समोरून आलं की जातं. अक्षरांवर पडतं, कडेच्या पट्टीवर पडतं, कारण सावलीला चौकट कळत नाही. अण्णा, तुमच्या चित्रात कुणीच झाड घातलेलं नाही. तुमच्या झाडापुढे कुणीतरी चित्र लावलंय.”

फ्लेक्सच्या कडेने ती पुन्हा बाहेर आली. तिच्याबरोबर खाकी शर्टातला एक वाळका माणूस होता. त्याच्या हातात लाल प्लास्टिकची खुर्ची होती. घर सोडताना माणूस जी एक वस्तू हातात घेतो, तशी त्याने ती धरली होती.

“भिमाजी,” अण्णा म्हणाले, “तुला तोडायला सांगितलं हुतं.”

“सांगितलं हुतं, अण्णा.”

“मग?”

“कुऱ्हाड बी आनली. म्हनलं, जेवून तोडू.” भिमाजीने खुर्चीकडे पाहिलं. “जेवायला सावलीत बसलो. अन सावलीत बसून सावली तोडायचा इचार काय जमंना.”

त्याने खुर्ची दुसऱ्या हातात घेतली.

“तीन वरसं हितं बसतोय मी. सकाळी सात ते सात. सगळा माळ. आलो तवा ह्ये गुडघ्याएवढं हुतं, माझ्या बाटलीतलं पानी घातलं. आता अकरा फूट झालंय. म्हनलं, चौदा फुटी फ्लेक्स लावला म्हंजे दिसनार न्हाई, अन तुमी काय भूमिपूजनापत्तुर आत येत न्हाई. पुढचं पुढं बघू.” तो अमृतकडे वळला. “पन तुमच्यावर आळ येतोय ह्ये म्हाइत न्हवतं, सायेब. म्हाइत असतं तर तोडलं असतं. खरंच तोडलं असतं.”

अमृतला आजवर कुणी साहेब म्हटलं नव्हतं. “नगा तोडू,” तो एवढंच म्हणाला.

७

अण्णा बूट डांबराच्या कडेवर घासत होते. भिमाजी खुर्ची धरून उभा होता, आणि आता कुणाची नोकरी जाणार एवढाच प्रश्न उरला होता.

तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली. मागे बायको, मध्ये पोतं.

“अण्णा, झाडाचं कार्यालय हेच ना? थोरलीचं मे महिन्यात करायचंय. तारीख घ्या आमची लिहून.”

“कार्यालय अजून झालं न्हाई,” अण्णा म्हणाले.

“मे पत्तुर हुईल की. पन झाड ठिवा बरं का. मे महिन्यात वऱ्हाडाला उभं कुठं करायचं? पामाखाली?”

“आमचीबी एक तारीख!” भेळवाला म्हणाला.

अण्णांच्या चेहऱ्यावरून कडुनिंब, पाम, दुबई आणि मे महिना असे एकामागून एक गेले. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि गुरुजींना फोन लावला. गुरुजींचं म्हणणं असं पडलं की, गेटाच्या मध्ये झाड अशुभ. पण झाडाच्या शेजारी गेट असेल तर शास्त्राची काही तक्रार नाही.

“परवेझभाई,” अण्णा म्हणाले, “गेट हलवता येतंय का?”

गेट फक्त चित्रात होतं. आर्किटेक्टने फोनवर हो म्हटलं आणि नगरला बसलेल्या निकिताने ते बारा फूट डावीकडे सरकवलं. तिला अकरा मिनिटं लागली. जिल्ह्यात एवढं मोठं गेट इतक्या लवकर आजवर कुणी हलवलेलं नाही. तिने हेही सांगितलं की, ‘लॉन्स’च्या रंगाला आता कुणी हात लावला तर ती राजीनामा देईल.

“अन भिमाजी,” अण्णा गाडीत बसता बसता म्हणाले, “पुढच्या वेळी तोडायचं नसंल तर तोंडानं सांग. येवढा चौदा फुटी खर्च कशाला?”

परतीच्या वाटेवर नगरजवळ आल्यावर परवेझभाई आरशातून मागे बघत म्हणाले, “अमृत, उद्या नऊला ये. दहाला व्ह्यू हर्षलकडे गेला पाहिजे. आणि मी जे बोललो ते...”

“आठलाच येतो, भाई,” अमृत म्हणाला. मग त्याने आईला फोन लावला. बराच वेळ तो नुसता “व्हय, व्हय” म्हणत होता. शेवटी म्हणाला, “न्हाई गं, वाचलं. हापिसातलं बी अन खरं बी.”

गुरुवारी सकाळी नवा व्ह्यू जहिरासमोर आला. तिने नेहमीप्रमाणे डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पाम गेले होते, त्यांच्या जागी करंज होते, दोन सारखे सापडत नव्हते. गेट शेजारी. मधोमध तो कडुनिंब, जरासा वाकडा, अकरा फुटी, अगदी तोच. त्याच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला, लाल खुर्ची. खुर्चीवर खाकी शर्टातला एक वाळका माणूस, मान जराशी कललेली, डोळे मिटलेले.

सूर्य सकाळी दहाचा होता, बघणाऱ्याच्या पाठीमागे. करंजांच्या सावल्या मागे कार्यालयाकडे गेल्या होत्या. गेटाची मागे, गाडीची मागे, गाईची मागे.

फक्त कडुनिंबाची सावली पुढे आली होती. आपोआप पडलेली नव्हती, हाताने काढलेली होती, पान न् पान. ती उलट दिशेने, उन्हाच्या नियमाविरुद्ध, बरोब्बर खुर्चीवर पडली होती.

जहिराने मान वर केली. अमृत स्वतःच्या स्क्रीनकडे इतक्या एकाग्रतेने बघत होता की तिथे नक्कीच काही नव्हतं.

तिने लाल पेनचं टोपण काढलं. पेन थोडा वेळ कागदावर थांबलं. मग सहा वर्षांत पहिल्यांदा, ढळढळीत दिसत असताना, तिने लिहिलं : ‘तपासलं. चूक नाही.’